बगदादचा सिंदी, आग्र्याचा फौलादखान

मुसी नदीच्या दक्षिणेस आणि जुन्या हैदराबादेच्या पूर्वेस पसरलेली मलकपेठ महाराष्ट्रातल्या व्यापाऱ्याला ठाऊक असते ती कांद्याच्या बाजारामुळे, शौकिनाला ठाऊक असते ती घोड्यांच्या शर्यतींमुळे. आणि गोवळकोंड्याहून मछलीपट्टणच्या बंदराकडे जाणारी पूर्वेची वाट याच अंगाने जात असल्यामुळे इतिहासाच्या वाचकालाही ती अगदीच परकी असू नये. अब्दुल्ला कुतुबशहाच्या (राज्यकाल १६२६ ते १६७२) पदरी असलेल्या मलिक याकूब नावाच्या एका सेवकावरून या वस्तीला हे नाव पडले, असे सांगतात. राजांनी स्वतःच्या नावाने वसवलेली नगरे पुढचे राजे नवी नावे देऊन पुसून टाकतात, चाकरांच्या पेठा मात्र तशाच राहतात. आणि प्रस्तुत लेखही चाकरांविषयीच असल्यामुळे त्याला मलकपेठेतून आरंभ करणे अप्रस्तुत ठरणार नाही.

दर साली मोहरमच्या दहाव्या दिवशी दबीरपुऱ्यातून हत्तीवर निघालेला बीबीचा अलम, म्हणजे पवित्र निशाण, चारमिनारावरून, दारुश्शिफ्यातून फिरत फिरत चादरघाटाशी, म्हणजे मलकपेठेच्या उंबरठ्याशी येऊन विसावतो. वाटेत ठिकठिकाणी त्याला रेशमी वस्त्र वाहतात, ज्याला येथे ढट्टी म्हणतात. आणि हे वस्त्र वाहणाऱ्या मानकऱ्यांत शहराचा पोलीस कमिशनरही असतो. ज्या शिया समाजाचा हा सोहळा, त्याच समाजात रज्जब महिन्याच्या पंचविसाव्या तारखेस आणखी एक शोक पाळला जातो. सातवे इमाम मूसा काझिम हे इसवी सन ७९९ मध्ये बगदादेत बंदिवासात निवर्तले, त्या दिवसाचा तो शोक होय. ज्याच्या पहाऱ्यात ते निवर्तले तोही एका राजधानीचा रक्षणाधिकारीच होता, आणि त्याचे नाव होते सिंदी इब्न शाहिक. सिंधूच्या मुलखाशी नाते सांगणारे नाव धारण करणारा हा मनुष्य अब्बासी खलिफांच्या राजधानीत जे काम करीत होता, तेच काम पुढे आठशे-नऊशे वर्षांनी आग्र्यास सिद्दी फौलादखान करीत होता. पहिल्याचा बंदिवान कोठडीत मेला, दुसऱ्याचा बंदिवान कोठडीतून निसटला. या दोन घटना परस्परांच्या अगदी उलट दिसतात खऱ्या, पण त्यानंतर त्या दोन अधिकाऱ्यांना जे करावे लागले ते मात्र एकाच जातीचे होते, आणि तेच मला येथे सांगावयाचे आहे.

बगदाद नगरी खलिफा मन्सूर याने ७६२ साली वसवली. तिच्या बंदोबस्ताची व्यवस्था समजून घेताना प्रथम हे ध्यानी घ्यावे लागते की आज आपण ज्याला एकाच शब्दात पोलीस म्हणतो ते काम तेथे चार-पाच हातांत वाटलेले होते. खलिफाच्या देहाचे रक्षण करणारी शरीररक्षक तुकडी निराळी, बाजारातले वजन, माप आणि शिष्टाचार पाहणारा मुहतसिब निराळा, न्याय काझीकडे, आणि प्रांतोप्रांतींच्या बातम्या बरीद या डाकखात्याकडे, ज्याचा प्रमुख टपाल पोचवतो म्हणून जितका महत्त्वाचा त्याहून अधिक तो गव्हर्नरांच्या आगळिका कळवतो म्हणून महत्त्वाचा. या सर्वांच्या मध्ये, ज्याच्या हाती सशस्त्र शिपाई, तुरुंग आणि चाबूक असत, तो साहिब-उश-शुर्ता, म्हणजे शुर्ता या शिपाईदलाचा प्रमुख. काझीला पुरावा लागे, साक्षीदारांची शुचिता तपासावी लागे. शुर्त्याच्या अधिकाऱ्याला संशय पुरत असे. राज्यकर्त्याला हे दोन्ही हवे असतात: एक लोकांना दाखविण्यासाठी आणि दुसरा रात्री स्वस्थ झोप लागण्यासाठी.

सिंदी हा मन्सूरच्या आश्रितांपैकी, ज्यांना अरबीत मौला म्हणत. मौलाला स्वतःचे कुळ नसते, टोळी नसते, पाठीशी भाऊबंद नसतात; त्याचे सारे वैभव धन्याच्या मर्जीवर उभे असते, आणि म्हणूनच धन्याला तो सख्ख्या भावाहून अधिक विश्वासाचा वाटतो. रक्षणाच्या कामावर परमुलखातले, गुलामगिरीतून वर आलेले, एकांडे लोक नेमण्याची जी चाल इस्लामी राज्यांत सर्वत्र दिसते, आणि जिच्यामुळे आपल्या दख्खनेतही हबशी सरदारांना एवढे महत्त्व आले, तिचे मर्म हेच आहे.

अरबी किस्सेवाङ्मयात सिंदीविषयी एक गोष्ट सांगतात, ती मोठी बोलकी आहे. फिर्यादी आणि आरोपी समोर आले म्हणजे आरोपीस शपथ घालावी, ही न्यायाची सर्वसाधारण रीत; परंतु आरोपी जर भाड्याचे जनावर हाकणारा असेल, विणकर असेल किंवा नावाडी असेल, तर सिंदी त्याला शपथ घालीतच नसे, फिर्यादीचे म्हणणे सरळ खरे धरी; आणि उंटवाला व पंतोजी यांच्या बाबतीत काय करावे हे मात्र आपल्याला उमगत नाही, देवानेच मार्ग दाखवावा, असे म्हणे. गोष्ट विनोदाची म्हणून सांगितली जाते. पण गावातल्या प्रत्येक धंद्याच्या खरेखोटेपणाचा हिशेब ज्याने मनाशी मांडून ठेवला आहे, आणि पुराव्याच्या खटाटोपात न पडता त्या हिशेबावर जो निकाल देतो, त्या माणसाचे चित्र यात पुरते उतरले आहे. पंतोजींना त्याने संशयितांच्या यादीत घातले, याचे आमच्या शिक्षकबंधूंनी वाईट वाटून घेऊ नये.

इमाम मूसा काझिम यांना खलिफा हारून अल् रशीद याने ७९५ च्या सुमारास मदिनेतून पकडून नेले. प्रथम त्यांना बसऱ्यास तेथील अधिकाऱ्याच्या, इसा इब्न जाफर याच्या, स्वाधीन केले. त्याने त्यांना इजा करण्याचे नाकारले. मग बगदादेस फजल इब्न रबी, त्यानंतर फजल इब्न याह्या बरमकी अशा हातांतून हा बंदिवान फिरत गेला. बरमकीने त्यांना सन्मानाने वागवले, तेव्हा खलिफाचा रोष त्याच्यावरच ओढवला. थोरामोठ्यांच्या हवेल्यांत जे काम होईना ते अखेर सिंदीकडे आले, आणि लवकरच इमाम मरण पावले. विषप्रयोग झाला असे शिया परंपरा सांगते. मृत्यू नैसर्गिक होता असे सिंदीला सिद्ध करावयाचे होते; त्यासाठी त्याने शहरातले प्रतिष्ठित आणि धर्मशास्त्री बोलावून मृतदेह दाखवला, अंगावर घाव नाही की गळ्यावर वळ नाही याची त्यांच्याकडून साक्ष घेतली, आणि तेवढ्याने भागेना म्हणून देह तैग्रिस नदीवरच्या पुलाशी ठेवून येणाऱ्याजाणाऱ्याने डोळ्यांनी पाहावे अशी दवंडी पिटवली. ज्याच्या बंदोबस्तात मनुष्य मेला त्यानेच साक्षीदार निवडावे आणि त्यानेच साक्षीचा मजकूर ठरवावा, हा पंचनामा किती जणांना पटला असेल? बारा शतके उलटली तरी तो न पटल्याची खूण रज्जबच्या शोकात दिसते.

चारच वर्षांनी त्याच पुलांवर दुसरे प्रदर्शन मांडले गेले. बरमकी घराणे हे मूळचे बल्खच्या नवविहार या बौद्ध मठाचे प्रमुख. पुढे मुसलमान होऊन खलिफांचे वजीर झालेले. हारून ज्याला पित्यासमान मानी त्या याह्या बरमकीने हिंदुस्थानात माणसे पाठवून औषधींची माहिती आणवली, आणि मंका नावाच्या हिंदी वैद्याकडून सुश्रुताचे भाषांतर करवून घेतले. त्यामुळे या घराण्याविषयी आपल्याला थोडे ममत्व वाटले तर ते स्वाभाविक आहे. जानेवारी ८०३ मध्ये एका रात्रीत हारूनने या घराण्याचा निकाल लावला. याह्याचा मुलगा जाफर, जो खलिफाचा जिवलग सोबती होता, त्याचा शिरच्छेद झाला. बगदादेत सिंदीला हुकूम गेले, बरमकींच्या हवेल्यांभोवती पहारे बसले, आणि जाफरचे शिर एका पुलावर, धडाचे दोन भाग दुसऱ्या दोन पुलांवर टांगले गेले. ८०५ साली हारून तेथून जात असता ते अवशेष अजून लटकतच होते. आता हे जाळून टाकावे, असे तो म्हणाला. आणि सिंदीने काटक्या व जळण गोळा करून तेही काम उरकले. आदल्या दिवसापर्यंत ज्यांच्या दारी आपण मुजऱ्याला उभे होतो त्यांची प्रेते टांगताना त्याच्या मनात काय आले असेल, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. अशा अधिकाऱ्यांच्या मनाची नोंद बखरकार ठेवीत नसतात.

हारून ८०९ मध्ये वारला, त्याच्या अमीन व मामून या मुलांत यादवी माजली, आणि सिंदी बगदादेत खलिफा झालेल्या अमीनच्या बाजूस राहिला. ८१३ साली मामूनचा सेनापती ताहिर बगदाद वेढून बसला असता अमीन सीरियाकडे निसटून जाण्याच्या बेतात होता. ताहिरने सिंदीला व आणखी दोघा वजनदार माणसांना निरोप धाडला, की तुमच्या धन्याला या बेतापासून परावृत्त करा, नाहीतर तुमच्या जमीनजुमल्याची राखरांगोळी करतो. तिघांनी अमीनला समजावले. तो पळण्याऐवजी शरण जाण्यास निघाला, नावेतून जाताना पकडला गेला आणि त्याच रात्री मारला गेला. ज्याने आयुष्यभर खलिफांच्या शत्रूंवर पहारा केला, त्याने आपली शेते वाचवण्यासाठी शेवटचा खलिफा स्वतःच्या हाताने शत्रूच्या वाटेवर नेऊन सोडला. मौलाच्या निष्ठेचा हिशेब येथे मिटतो. धनीच बुडू लागला म्हणजे, ज्याला त्याच्यावाचून दुसरा आधार नाही, तो सर्वांच्या आधी दुसरा काठ शोधतो.

हिंदुस्थानात हेच पद कोतवाल म्हणून रूढ झाले, आणि येथे येताना ते अधिक लठ्ठ झाले. कारण शुर्त्याचे शिपाई, मुहतसिबाची वजनेमापे आणि बरीदचे कान, हे सर्वच थोडेथोडे त्याच्या पदरात पडले. अबुल फजलने आईन-इ-अकबरीत कोतवालाची जी कर्तव्ये लिहिली आहेत ती वाचताना हा मनुष्य झोपत तरी केव्हा असेल, असा प्रश्न पडतो. त्याने घराघरांची आणि रस्त्यांची नोंदवही ठेवावी. शहराचे मोहल्ले पाडून प्रत्येकावर एक प्रमुख नेमावा आणि आले-गेले कोण याचा रोजच्या रोज लेखी वृत्तांत घ्यावा. शिवाय त्याच मोहल्ल्यातला एखादा अप्रसिद्ध रहिवासी हेर म्हणून असा लावावा की प्रमुखाला त्याची ओळखही असू नये. परगावच्या अनोळखी माणसांना उतरण्यास वेगळी सराई द्यावी. प्रत्येकाचे उत्पन्न किती आणि खर्च किती हे न्याहाळावे, कारण मिळकतीहून अधिक उधळणारा माणूस कोठून तरी आणतच असला पाहिजे. बायकांसाठी पाणवठे वेगळे राखावे. स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध सती जाऊ देऊ नये. आणि चोरीचा माल शोधून द्यावा, न दिल्यास नुकसानीची जबाबदारी त्याची.

ही माहिती येत कोठून असे? इटालियन प्रवासी मनुची सांगतो की शहरातली घरे झाडणारे हलालखोर दिवसातून दोनदा प्रत्येक घरी जात आणि तेथे काय चालले आहे ते कोतवालाला कळवीत. ज्याच्या सावलीचाही विटाळ मानायचा, त्याच्यासमोर घरातली सर्व गुपिते उघडी ठेवायची, कारण त्याच्याकडे कोणी मनुष्य म्हणून पाहतच नाही. समाजाच्या या आंधळेपणावर मोगल राजधानीतली सारी टेहळणी उभी होती. सुरतेस फ्रेंच प्रवासी थेवेनो याने कोतवालाची रात्रीची गस्त पाहिली: रात्री नऊला, मध्यरात्री आणि पहाटे तीनला नगारा वाजे, तांब्याचा लांबलचक कर्णा फुंकला जाई, आणि गल्लोगल्लीचे पहारेकरी खबरदार म्हणून ओरडत. गस्तीचा एवढा गाजावाजा चोराला आगाऊ सूचना देण्यासाठीच असावा, असे वाटण्याजोगा तो थाट होता. आणि चोरी झाली तर? थेवेनोनेच सांगितलेली हकीकत अशी, की एका आर्मेनियन व्यापाऱ्याच्या घरातून दोन हजार चारशे मोहरा गेल्या, त्याच सुमारास त्याचे दोन गुलाम नाहीसे झाले, आणि नियमाप्रमाणे भरपाई मागितली असता कोतवाल म्हणाला, देतो. मात्र चोरी खरोखर झाली की नाही हे कळण्यासाठी आधी फिर्यादीला यातना देऊन पाहण्याची परवानगी असावी. व्यापाऱ्याने फिर्याद सोडून दिली. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची ही रीत तशी जुनीच, पण येथे सुळी केवळ दाखवली आणि खजिना वाचवला.

आता फौलादखान. शहाजहान जानेवारी १६६६ मध्ये वारला, आणि औरंगजेबाने आपला दरबार आग्र्यास आणला. १२ मे रोजी शिवाजीमहाराज त्या दरबारात गेले आणि पुढे जे झाले ते मराठी मुलाला तिसरी-चौथीतच पाठ होते. मात्र त्या कथेत फौलादखानाच्या वाट्याला केवळ फजितीचा भाग आला असल्यामुळे त्याची अडचण किती बिकट होती, इकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. बंदिवान गावाबाहेर, मिर्झाराजे जयसिंगांचा मुलगा रामसिंग याच्या छावणीशेजारी उतरलेला. त्याच्याबद्दल जामीन राहिलेला रामसिंग. म्हणजे आतल्या बाजूस राजपुतांची चौकी, आणि बाहेरच्या बाजूस कोतवालाचे शिपाई व तोफा. मारावे, ठेवावे की काबूलच्या मोहिमेवर धाडावे, याविषयी बादशहाचा निश्चय नाही. दक्षिणेत जयसिंगाला न दुखावता काय करता येईल याची पत्रापत्री चालू. अशा स्थितीत ज्याच्यावर पहारा करायचा तो कैदी आहे की पाहुणा, हेच कोतवालाला स्पष्ट सांगितलेले नव्हते. बरोबरच्या माणसांना परत धाडण्याची परवानगी महाराजांनी मागितली, ती बादशहाने आनंदाने दिली, कारण माणसे कमी झाली म्हणजे भय कमी झाले असे त्याला वाटले. साधूब्राह्मणांना मिठाईचे पेटारे जाऊ लागले, ते पहिल्यापहिल्याने उघडून पाहिले गेले, पुढे पाहणाऱ्यांनाच त्याचा कंटाळा आला. डोळ्यांत तेल घालून करावयाचा पहारा तीन महिने लांबला म्हणजे डोळ्यांतले तेल सुकते. १७ ऑगस्ट १६६६ रोजी महाराज हातावर तुरी देऊन निसटले. अंथरुणात हिरोजी फर्जंद निजला होता, ही आपली परंपरागत कथा. दुसऱ्या दिवशी कित्येक प्रहर उलटून गेल्यावर कोतवालाला कळले.

बादशहापुढे त्याने काय सांगितले? पहारे नेमाने चालू होते, आमची माणसे वेळोवेळी आत जाऊन पाहत होती, राजा आपल्या जागी होता, आणि पाहता पाहता दिसेनासा झाला. आकाशात उडाला की भूमीत गडप झाला हे कळत नाही, काही जादूटोणा असावा, अशा आशयाचा तो जबाब होता. आपण त्याला हसतो. पण ज्या बादशहाच्या दरबारात असावध पहाऱ्याला क्षमा नाही, तेथे या जबाबात केवढी हुशारी आहे ते पाहावे: जादूपुढे कोणाचे काय चालणार? त्यात कोतवालाची कसूर नाही, शिपायांची नाही, पेटारे सोडण्याच्या परवानगीची तर नाहीच नाही. तेवढ्यात त्र्यंबक सोनदेव डबीर आणि रघुनाथ बल्लाळ कोरडे ही महाराजांची दोन माणसे पकडली गेली, आणि त्यांचा अनन्वित छळ करून रामसिंगाचे अंग या पलायनात होते असे वदवून घेण्यात आले. मग सर्व सुरळीत झाले. रामसिंगाची मनसब गेली, त्याला दरबार बंद झाला. सिंदीने मृतदेह पुलावर ठेवून जे साधले ते येथे दोन ब्राह्मणांच्या पाठी फोडून साधले गेले; घडलेल्या गोष्टीपेक्षा घडलेल्या गोष्टीचे वृत्त हेच अखेर कोतवालाचे खरे कार्यक्षेत्र ठरले.

तेरा वर्षांनी, १६७९ च्या जुलैत, दिल्लीच्या कोतवालीवर फौलादखान हेच नाव पुन्हा दिसते. जोधपूरचा महाराजा जसवंतसिंह आदल्या डिसेंबरात जमरूदच्या ठाण्यावर वारला. त्याच्या मागे जन्मलेला मुलगा अजितसिंह आणि राण्या दिल्लीत होत्या, आणि त्यांना ताब्यात घेऊन नूरगढ, म्हणजे सलीमगढ, येथे ठेवावे असा कोतवालाला हुकूम झाला. दुर्गादास राठोड आणि त्याच्या सोबत्यांनी कापाकापी करीत वाट काढली आणि बालक मारवाडात पोचवले. या खेपेस कोतवालाने जादूची सबब सांगितली नाही. एका गवळ्याच्या घरातून एक मूल शोधून आणले, आणि हाच जसवंतसिंहाचा खरा पुत्र, असे सांगून हजर केले. बादशहाने ते मान्य केले. मुलाचे नाव मोहम्मदी राज ठेवण्यात आले, शाही जनानखान्यात त्याचे संगोपन झाले, आणि पुढे दक्षिणेच्या मोहिमेत विजापूर मुक्कामी तो प्लेगने दगावला. मारवाडात लढणारा तो तोतया आणि आपल्याजवळचा तो अस्सल, ही समजूत दरबारात दीर्घकाळ जपली गेली. १६९६ साली मेवाडच्या राणाच्या कुळातील कन्या अजितसिंहाला दिली गेली तेव्हा कोठे तिचा शेवट झाला, कारण मेवाडचे घराणे तोतयाला मुलगी देणार नाही हे औरंगजेबालाही ठाऊक होते. कोणा गवळ्याच्या त्या पोराला आपण कोण होतो हे कधी कळले असेल का, असा विचार मनात आल्याखेरीज राहत नाही.

मराठी वाचकाला कोतवाल म्हटला की घाशीराम आठवतो, म्हणून त्याच्याविषयी दोन शब्द. घाशीराम सावळदास हा औरंगाबादेहून पुण्यास आलेला. १७७७ पासून १७९१ पर्यंत पुण्याचा कोतवाल. तेलंगी ब्राह्मणांचा एक जमाव त्याने कोंडून घातला, कोंडलेल्यांपैकी वीसएक जण गुदमरून मेले, आणि प्रेतांची वासलात लागण्यापूर्वीच मानाजी फाकडे या सरदाराने कुलूप फोडून ती जगापुढे आणली. हिशेब चुकला तो एवढ्यापुरताच: वृत्त रचायला त्याला वेळ मिळाला नाही. ३१ ऑगस्ट १७९१ रोजी जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले.

आता आरंभीच्या दख्खनी शहराकडे परत येऊ. गोवळकोंड्याची राजवट मोगलांच्या मानाने सैल होती, आणि त्या सैलपणाचे चित्र जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने मोठे खुलवून काढले आहे. पूल ओलांडून भागानगरात, म्हणजे हैदराबादेत, शिरणाऱ्या परक्या माणसाला वेशीवर अडवीत, आणि प्रथम त्याच्या सामानात मीठ किंवा तंबाखू लपवली आहे की काय ते पाहत, कारण राजाच्या उत्पन्नाची ती मोठी बाब होती. शस्त्रे किंवा हेरांची पत्रे यांची चिंता त्यामानाने कमीच. मग एक शिपाई चौकीच्या नायकास वर्दी देई, नायक दारोगाकडे माणूस धाडी. दारोगा कामात असे, किंवा गावाबाहेर फिरायला गेलेला असे. आणि पुष्कळदा तर तो घरीच असूनही शिपाई येऊन सांगे की गाठ पडली नाही, कारण दुसऱ्या खेपेचे पैसे त्याला पुन्हा मिळत. या खटाटोपात पाहुण्याचे एक-दोन दिवस वेशीबाहेर जात. याच दारोगाच्या वहीत वीस हजारांहून अधिक गणिकांची नावे होती, त्यांतील कित्येकींना दर शुक्रवारी राजवाड्यापुढल्या चौकात हजेरी द्यावी लागे. आणि दर सोमवारी एकेक सरदार आपल्या लवाजम्यानिशी आठवड्याच्या चौकीवर येई, त्या मिरवणुकीत हत्ती, उंट आणि निशाणे यांचा थाट असे. ज्या शहरात १६७७ साली शिवाजीमहाराजांसाठी रस्ते शृंगारले गेले, आणि जेथे कुतुबशहाने त्यांना आपल्याजवळ बसवून घेतले, ते हेच. आग्र्याच्या कोतवालाला ज्याला चार भिंतींत ठेवता आले नाही, तो भागानगरच्या रस्त्यांतून उघड्यावर फिरला.

या सैल व्यवस्थेला अखेर जे व्हायचे ते झाले. १६८७ साली औरंगजेबाच्या फौजा आठ महिने गोवळकोंड्याखाली बसल्या. सुरुंग फुकट गेले, हल्ले परतवले गेले, आणि २१ सप्टेंबरच्या पहाटे अब्दुल्लाखान पन्नी या सरदाराने पैशासाठी आतून खिडकी दरवाजा उघडला. गोवळकोंड्याचा सरदार अब्दुर्रझाक लारी एकटा झुंजत जखमांनी चाळण झाला, त्याची कीर्ती गोवळकोंड्याच्या वाटाड्यांच्या तोंडी अजून आहे. गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा अबुल हसन तानाशहा याला दौलताबादेस नेऊन ठेवले. तेथून मात्र तो शेवटपर्यंत सुटला नाही, आणि खुलदाबादेत त्याची कबर आहे.

आसफजाही, म्हणजे निजामांच्या, अमलात कोतवाल पुन्हा वर आला, परंतु बराच काळ त्याचा अधिकार कागदावरच होता. अरब जमादारांच्या टोळ्या सावकारी करीत, स्वतःचे कैदखाने बाळगीत, आणि त्यांच्या माणसाला हात लावण्याची कोतवालाची प्राज्ञा नव्हती. पहिल्या सालारजंगाने (दिवाणगिरी १८५३ ते १८८३) त्यांना हळूहळू वेसण घातली. बलद्याचा, म्हणजे राजधानीचा, कोतवाल जिल्ह्यांच्या पोलिसांहून वेगळा आणि थेट निजामाला जबाबदार असे. शहरात कोण आले, कोण काय बोलले, याचे वृत्त धन्याच्या कानी घालणे हे त्याचे पहिले काम. १९२० ते १९३४ या काळात या जागेवर राजाबहादूर वेंकटराम रेड्डी होते. वनपर्ती संस्थानच्या बाजूचा हा तेलुगू गृहस्थ पोलीस खात्यात खालच्या पायरीपासून चढत आला होता, आणि निजाम मीर उस्मान अलीखानांचा त्याच्यावर विश्वास बसला तो अखेरपर्यंत टिकला. त्याच्या पुढाकाराने १९१८ साली निघालेल्या रेड्डी वसतिगृहात खेड्यापाड्यांतली मुले राहून शिकली, आणि स्त्रीशिक्षणाच्या संस्थांनाही त्याचा हात लागला. सिंदी आणि फौलादखान यांच्या ओळीत त्याचे नाव बसत नाही, हे त्याच्या स्वभावाचे श्रेय. खुर्ची मात्र तीच होती.

कारण याच काळात गश्ती निशाण ५३ या नावाने कुप्रसिद्ध झालेले फर्मान निघाले, आणि परवानगीवाचून सभा भरवणे गुन्हा ठरला. हैदराबादेतल्या मराठी मंडळींनी त्यावर एक सोय शोधली होती. मलकपेठेच्या बाजूने चादरघाटचा पूल ओलांडला की पलीकडे रेसिडेन्सीची हद्द लागे. तेथे सुलतानबाजारात इंग्रज रेसिडेंटचा अंमल होता आणि कोतवालाचा शिपाई वर्दी घालून येऊ शकत नसे. व्याख्याने, वाचनालये, गणेशोत्सवातली भाषणे यांची वर्दळ त्या चिमुकल्या बाजारात एवढी का होती, याचे कारण नदीच्या या भूगोलात आहे. १९३३ साली रेसिडेन्सीचे बाजार निजाम सरकारला परत मिळाले, आणि तेव्हापासून तिकडच्या चालकांनाही सभेआधी अर्ज लिहून कोतवालीच्या पायऱ्या चढणे भाग पडले.